हमीदाचा मासा

रफिक मुकादम शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या गोदामात शोभेचे मासे आणतो. एकदा दक्षिण अमेरिकेहून आलेल्या खोक्यात काचेला तोंड चिकटवून बसणारे काही मासे निघाले. अंगावर चिलखत, आणि नाकावर इतक्या मिशा की मोजायला बसलेला माणूस मध्ये दोनदा चहा पिऊन यायचा. खोटं वाटलं तर गोदामाबाहेरच्या चहावाल्याला विचारा.

रफिकने ते शर्वाणीला दाखवले; ती विद्यापीठात माशांच्या जाती ओळखून नोंदवायची. तिने त्यातले सहा मासे स्पिरिटच्या बरणीत घातले, महिनाभर परांतले काटे मोजले, दात मोजले, जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि सांगितलं, ही जात अजून कुणी लिहिलेली नाही. नव्या जातीला नाव द्यायचं म्हटल्यावर रफिकने लगेच बायकोचं, हमीदाचं नाव पुढे केलं. लग्नाला तीस वर्षं होऊन हमीदाच्या नावावर त्याने काही केलं नव्हतं.

पण खोक्यावर लिहिलेली नदी शर्वाणीला पटेना. ती नदी संथ आणि गढूळ, मासा खळाळत्या पाण्यातला. रफिकने कान खाजवला. या धंद्यात खरी नदी कुणी लिहीत नाही. लिहिली की दुबईच्या देरा बाजारातले सगळे मासेवाले जाळं घेऊन तिथे उतरतात.

“रफिकभाई, खोट्या नदीवर मी नाव ठेवणार नाही,” शर्वाणी म्हणाली. “उद्या कुणी शोधायला गेलं तर मासा सापडायला हवा.”

“सापडेल म्हणूनच तर लिहीत नाही, मॅडम.”

तीन दिवस तो दुबईच्या करामा भागातल्या घरातून बाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी फोन करून त्याने खरी नदी सांगितली आणि ‘खलास, विषय संपला’ म्हणून फोन ठेवला.

लेख छापून आला. माशाला हमीदाचं नाव लागलं, मागे लॅटिन शेपूट. हमीदाने चष्मा लावून फोटोतल्या मिशा पाहिल्या आणि यात माझं काय आहे, असं विचारलं.

दोन महिन्यांत देरातल्या मासेवाल्या उझैरने लेख वाचून त्याच नदीतून तोच मासा आणला आणि दुकानाबाहेर फळा लावला: ‘हमीदा आली आहे. लहान-मोठी, दोन्ही मिळेल.’

रफिक भांडायला निघाला. हमीदाही मेट्रोत चढली. उझैरने तिला विचारलं, काय दाखवू?

“मीच ती फळ्यावरची,” ती म्हणाली.

उझैर ओशाळून फळा उतरवायला धावला.

“असू दे रे. फक्त खाली लिही, मूळ हमीदा रफिक मुकादमांकडे आहे.”

उझैरने खडू घेतला. भांडायला आलेला रफिक ओळ सरळ येते का ते बघत उभा राहिला.