काचेतला घेवडा

मोठ्या दिरांना जुन्या बियाण्याचा उमाळा आला तो असं बियाणं बघायला बाहेरून पाहुणे येणार असं कळल्यावर. तोवर त्यांच्या धाकट्या भावजयीचा, धाकटीचा, वाकड्या शेंगेचा घेवडा त्यांच्या लेखी गुरांचं खाणं होता. शेंग वाकडी, खोक्यात रचता येत नाही, व्यापारी नाक मुरडतो. सगळ्या गावाने सरळ शेंगेचं विकतचं बी धरलं आणि जुनं मोडीत काढलं. धाकटी तेवढी हट्टाला पेटलेली. तिच्या उतारावरच्या खडकाळ तुकड्यात पावसाने दगा दिला तरी तग धरायचा तो हाच घेवडा. विकतच्या बियाने तिथे दोनदा माती खाल्ली होती.

मग शेतीतलं वैविध्य वाचवणारी संस्था निघाली. अध्यक्ष कोण, तर ज्यांच्या शेतात बांधापासून बांधापर्यंत एकच वाण, ते हेच मोठे दीर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"अगं, बरणी अख्खीच दे," ते दारात येऊन म्हणाले. "मूठभर बी काय दाखवायचं लोकांना? कार्यक्रम झाला की दाणा न् दाणा परत आणून देतो."

थोरल्या दिराला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. धाकटीने बरणी दिली आणि ते वळणाआड जाईस्तोवर स्वतःला शिव्या घातल्या. पेरणीचं बी तेवढंच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन सभागृहात गेली. व्यासपीठामागे काचेच्या चौकटीत बिया चिकटवून काढलेलं भलंथोरलं झाड होतं. पानं मुगाची, खोड तिळाचं आणि फळं तिच्या घेवड्याची. वरून व्हार्निशची अशी चकाकी की डोळे दिपावेत.

"भाऊजी, हे सुटायचं कसं?"

"सुटायचं कशाला? पक्कं बसवलंय. कीड लागू नये म्हणून आधी बेकरीच्या भट्टीत भाजून घेतलं सगळं. आता शंभर वर्षं याला काही होत नाही."

"मेलेल्याला आणखी काय व्हायचंय?"

"हे बघ, तुझ्या फडताळात कोण विचारत होतं त्याला? आता खाली तुझ्या नावाची पट्टी आहे."

पट्टी होती खरी, पितळेची. धाकटीला संताप आला. बी भाजून जपणारी ही मंडळी! यांच्या हाती अंडी दिली तर उकडून खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवतील.

एवढ्यात तिचा सत्कार पुकारला गेला. गळ्यात हार पडला, हातात माइक आला. ती म्हणाली, "हा घेवडा माझ्याकडे होता तोवर जिवंत होता. तुम्ही भाजलात. आता कुठेच नाही. त्याच्यासाठी उभे राहा आणि गप्प बसा जरा."

सगळं सभागृह उभं राहिलं. पाहुण्यांनी माना खाली घातल्या, मोठ्या दिरांनी डोळेही मिटले. कार्यक्रमपत्रिकेत हे कोणी घातलं, फार सुंदर कल्पना, असं पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानात कुजबुजली.

मग टाळ्या झाल्या. धाकटीने हार काढून खुर्चीवर टाकला आणि ती निघाली. दाराशी संस्थेच्या माणसाने तिला भेटवस्तू दिली. सरळ शेंगेच्या बियाण्याचं पाकीट होतं.

तिने ते घेतलं. उतारावर दुसरं पेरणार तरी काय होती?