अव्वाची खिट्टी

माझी सासू मल्लव्वा, आमची अव्वा, मोठी हट्टी बाई. गुडघे गेले, बोटं वाकडी झाली, बसूनच सरकायची, पण दिवेलागणीला परसातल्या कट्ट्यावर जाणार म्हणजे जाणारच. कुणाची मदत न्हाई चालायची. तिच्या तोंडाला लागणार कोण, सांगा.

मग माझ्या सासऱ्यांनी, गुरुशांतप्पांनी, डोकं चालवलं. खटकचिंचोळीत वेल्डिंगचं दुकान हाय त्येंचं. अव्वाला जमिनीवर बसवून तिच्या कोपराची उंची मापली आणि परसदाराला आतनं तेवढ्यावर खिट्टी बसवली. चमच्यासारखा चपटा दांडा. कोपरानं वर ढकलला की खिट्टी सुटायची आणि दार बाहेरच्या अंगाला उघडायचं. त्यासाठी बिजागऱ्यासुद्धा फिरवल्या. गाव हसलं, म्हणलं बायकोसाठी दार उलटं केलं. मला मात्र लई भारी वाटलं. माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी साधा खिळा ठोकला न्हाई कधी.

अव्वा वैशाखात गेली. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत न्हाईत, बसवून पुरतात. तिलाही तसंच पुरलं.

त्यानंतर दिवेलागणीला खिट्टी वाजायला लागली. दांडा वर, खट्ट, आणि दार उघडं. वारं म्हणावं तर झाडाचं पान हलत न्हाई. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणले नीट बसत नसंल, आणि तेल घातलं. तेलानं माझी भीती जाती व्हय? बसल्या माणसाच्या कोपराएवढी ती उंची. आणि माझी सुधारानी तीन वर्षांची, अव्वाची लाडकी, त्याच दाराशी खेळायची. म्हातारी माझं लेकरू न्यायला यायलीय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

एक दिवस सासरे भालकीला गेले. मी पेचकस घेतला, खिट्टी काढली आणि माझ्या खांद्याच्या उंचीला बसवून टाकली. म्हणलं, आता कशी येतीस बघते.

त्या संध्याकाळी खिट्टी वाजली न्हाई. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. दिवा लावायला वळले तर दाराला खालच्या बाजूला कायतरी खरवडायलंय. मी लेकराला ओढून पोटाशी धरलं.

"अव्वा, जा तू," मी म्हणलं. "माझ्या पोरीला सोड."

सुधारानीनं माझ्याकडं बघितलं. "आई, आज्जी बाहेर न्हाई. हितं बसलीय. तिला जायचंय."

मी दांड्याकडं बघितलं. दांडा आतनं हाय, बाहेरनं त्याला कुणाचा हातच पुरत न्हाई, हे माझ्या खुळीच्या ध्यानातच आलं न्हाई. ती यायची न्हवती. ती रोज जायची.

मी धावत जाऊन खिट्टी सोडली, दार सताड उघडलं आणि हात जोडले. चुकले म्हणलं, जा अव्वा, कट्टा मोकळा हाय.

दारातनं कुणी गेलं न्हाई. लेकराची नजर उंबऱ्यावरनं हळूहळू मागं फिरली, जमिनीलगत सरकत सरकत, पार माझ्या अंथरुणापर्यंत.

"आज्जी लई धडपडली," सुधारानी म्हणली. "आता दमलीय. हितंच निजते म्हणती, तुझ्यापाशी."