मधली जागा

"आणि तिसरा माणूस कुठं बसायचा, अण्णा?" विठोजीनं विचारलं आणि हातातला पाना उगाच फडक्यानं पुसत राहिला.

मल्लाप्पा आपल्या जुन्या पिकअपच्या दाराला टेकून उभा होता. "मागं हौदा आहे की एवढा मोठा," तो म्हणाला. "जावयांनी आणून दिल्यात ह्या. नव्या मोटारीच्या आहेत म्हणे. त्या बाकावर माणसाचे हाल होतात म्हणाले. खंडेनवमीच्या आत बसव बघ."

शेडमध्ये फळीवर एकेका माणसापुरत्या दोन बकेट सीट पाहुण्यांसारख्या ऐटीत बसल्या होत्या. राखाडी कापड, डोक्यामागं उशी.

विठोजी मूळचा निपाणीकडचा. बसवनगुडीच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सीट शिवायचं आणि बसवायचं त्याचं काम. लग्न झालं नाही. का, ते विचारायचं नाही. दर रविवारी मल्लाप्पा फुलं आणायला आनेकलला जायचा आणि पुढच्या लांबड्या बाकावर तिघं असायची. मल्लाप्पा चालवायला, त्याची बायको कस्तुराबाई खिडकीशी, कारण तिचा डावा गुडघा वाकत नसे, आणि मधे विठोजी, गिअरचा दांडा दोन पायांत घेऊन. तिसरा गिअर टाकताना मल्लाप्पा म्हणायचा, "पाय आवर रे." अशी अठरा वर्षं गेली. दुसऱ्याच्या संसारात एवढी वीतभर जागा, पण ती त्याची होती.

आणि आता हा शुभंकर! पुण्याचा, कंप्युटरवाला. लग्नाला अजून चार महिने झाले नाहीत, तर मल्लाप्पाच्या तोंडी ऊठसूट 'जावई असं म्हणाले, जावई तसं म्हणाले'. कस्तुराबाई पडली तेव्हा तिला उचलून दवाखान्यात कुणी नेलं होतं? ते कुणी गल्लीत सांगत फिरलं नाही. जळत होता विठोजी, खोटं कशाला बोला? म्हणे हाल होतात! स्वतःची कंबर नाजूक, म्हणून आमचा बाक काढायचा.

बाक सोडवण्यात सकाळ गेली. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. खाली सुपारीची खांडं निघाली आणि मल्लाप्पाच्या लेकीची लहानपणची रिबीन. गाडीतली जमीन उतरती, म्हणून विठोजीनं लोखंडी पट्ट्यांची चौकट केली. मल्लाप्पाला बसवून, क्लचवर पाय ठेवायला लावून उजव्या सीटचं माप घेतलं. तशी त्याची रीतच होती. बसणाऱ्याला बसवल्याशिवाय भोक पाडायचं नाही.

डाव्या सीटला मात्र त्यानं कुणालाच बसवलं नाही. सीट मागं-पुढं सरकायच्या रुळात त्यानं एक बोल्ट आरपार घातला आणि सीट पार पुढं अडकवून टाकली. पूजेच्या दिवशी शेजारी जावईच मिरवणार. लांब टांगांचा आहे ना? घे, आपट गुडघे!

खंडेनवमीला गाडीला झेंडूच्या माळा चढल्या, कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. शुभंकरनं डावं दार उघडलं. "आई, बसा. पहिली फेरी तुमची. मी स्कूटरवरून मागनं येतो ना! त्या बाकावर तुमच्या गुडघ्याचे हाल बघवत नव्हते मला. सीट्स तुमच्यासाठीच आणल्यात."

विठोजी मागं हौद्यात, झेंडूच्या पाट्यांमधे उभा होता.

कस्तुराबाईनं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. गुडघा समोरच्या पत्र्याला टेकला. गाडी निघाली, लिंबं फुटली. मागच्या उघड्या काचेतून विठोजी बघत होता. तिनं पदराची घडी करून गुडघ्यापुढं धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिचे डोळे मिटत होते. स्कूटर शेजारी आली की खिडकीतून ती जावयाकडं बघून हसायची.

गांधी बझारच्या वळणावर विठोजीनं टपावर एक थाप मारली. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे त्यांचं फुलं भरतानाचं ठरलेलं. मल्लाप्पानं गाडी कडेला घेतली. पाना घेऊन विठोजी डाव्या दाराशी आला.

"सीट मागं घ्यायची आहे, अक्का."

"तुझं माप चुकलं?" मल्लाप्पाला खरंच वाटेना.

"माप चुकलं नाही, अण्णा." विठोजीनं मान वर केली नाही. "मुद्दाम बोल्ट घालून अडकवली. मला वाटलं, जावई बसणार."

शुभंकर स्कूटर थांबवून मागं उभा होता. त्यानं ऐकलं असणार. कस्तुराबाईनं विठोजीकडं नीट बघितलं.

"काढ तो आधी," ती म्हणाली. "पाय फार दुखतोय रे माझा."

तो पायरीवर गुडघे टेकून आत वाकला. दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्याशी, जमिनीवरचा रंग दोन ठिकाणी उडून पत्रा गुळगुळीत झाला होता. अठरा वर्षं त्याच्या टाचा तिथंच असायच्या. बोल्ट निघाला. सीट मागं गेली, कस्तुराबाईनं पाय लांब केला. बोल्ट खिशात टाकून तो हौद्यात चढला.

गाडी हलेना. मल्लाप्पा थापेची वाट बघत होता. विठोजीनं टपावर दोनदा थाप मारली.

रस्ता मोकळा लागला. मल्लाप्पाचा हात सवयीनं दांड्याकडं गेला.

"पाय आवर रे," तो म्हणाला.

मागं हौद्यात, झेंडूच्या पाट्यांमधे, विठोजीनं पाय आवरले.