लटारूभाऊंचं डोकं

गोंडपिपरीत बसस्टँडसमोर ‘साधना फोटो स्टुडिओ’ आहे. पाटीवर नाव बायकोचं आणि मालक मी, दिनेश. निदान कागदोपत्री तरी मीच. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि मयताचे फोटो ही आमची कामं. मयताच्या फोटोची रीत ठरलेली आहे. घरातलं कुणी गेलं की तेरवीच्या आधी नातेवाईक येतात, आणि त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं आधार कार्ड सोडून काही नसतं. मग मी कार्डावरचं डोकं कापतो, मोठं करतो आणि एका कोटावर बसवतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये असे अकरा तयार कोट आहेत. सात नंबरचा निळा कोट आणि लाल टाय लोकांना फार आवडतो. जन्मभर बंडीत वावरलेला माणूस भिंतीवर चढताना बँकेचा मॅनेजर होऊन चढतो. एका घरात दोन सख्खे भाऊ एकाच कोटात शेजारी शेजारी टांगलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि टांगायला खिळाही मीच ठोकून दिला होता.

या कामाची मला लाज वाटायला लागली, कारण दोन वर्षांपूर्वी मी कलाकार झालो. नागपूरला दोन दिवसांचं शिबिर होतं, त्यात झालो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सर म्हणाले, चेहरा म्हणजे माहिती, आणि कला माहिती देत नाही. मी ते वहीत दोनदा लिहून घेतलं. बावीस वर्षं मी लोकांना मान सरळ, हनुवटी खाली, डोळे उघडे असं सांगत आलो होतो. ते सगळं त्या दुपारी फुकट गेलं. माझ्या बोलण्यात अवकाश आणि मौन यायला लागलं. एकदा ताटाकडे बघून मी साधनाला म्हणालो की इथली रिकामी जागा बोलते आहे. तिने त्या जागेत भात वाढला.

पुढच्या उन्हाळ्यात मोहाच्या दिवसांत मी कला करायला बाहेर पडलो. तालुक्यातच, जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या लटारूभाऊंच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. आदल्या दिवशी निरोप धाडला होता, त्यामुळे ते तयारच होते. फुलांनी भरलेली ओंजळ पुढे धरून उभे राहिले. मी तासभर त्यांच्याभोवती फिरलो, मातीत लोळलो, आणि त्रेसष्ट फोटो काढले. सरांच्या शिकवणीला जागून एकाही फोटोत डोकं येऊ दिलं नाही. खाली धुळीचे पाय, मध्ये बंडी, पुढे ओंजळ, वर गळ्यापाशी चौकट संपलेली. शकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा दिला. तो पिऊन मी निघून आलो, फार मोठं काही करून आल्यासारखा.

त्याच पावसाळ्यात लटारूभाऊ काविळीने गेले. मला ते कळलंही नाही.

यंदा जुलैत चंद्रपूरच्या एका नव्या, छोट्याशा संग्रहालयात आजच्या कलात्मक छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं, आणि त्यात माझी ओंजळ निवडली गेली. दरवाजाएवढा फोटो. शेजारी पट्टी: ‘अनुपस्थिती’, आणि खाली ‘एकमेव प्रत’. प्रदर्शन मांडणाऱ्या पुनम मॅडमनी मला सांगितलं होतं की संग्रहालय हा फोटो कायमचा ठेवून घ्यायचं म्हणतंय, अट एवढीच की या कामाची दुसरी प्रत जगात कुठे असता कामा नये. मी साधनाला हे तीन वेळा सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अजी, आपल्याकडे तं एकच प्रत कोनी घेतच नाई.’’ तिचं मी मनावर घेतलं नाही.

उद्घाटनाला मी नवा खादीचा कुर्ता घातला, आणि गळ्यात विनाकारण एक मफलर. जुलैच्या चंद्रपुरात. लोक फोटोसमोर थांबत, मान तिरकी करत. एक गृहस्थ म्हणाले की हे डोकं नसणं म्हणजे व्यवस्थेने जंगलातल्या माणसाची ओळख पुसणं आहे. मी गंभीरपणे होकार दिला. ओळख कुणी पुसली होती ते मला चांगलं माहीत होतं, पण त्या वेळी मला ते कौतुकच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई आल्या. बरोबर त्यांची लग्न झालेली मुलगी दिव्या होती. वर्तमानपत्रात प्रदर्शनाचा फोटो आला होता, त्यात मागच्या भिंतीवर बाबांची ओंजळ दिव्याने ओळखली होती. दोघी पहाटेच्या बसने निघाल्या होत्या. मी खुर्चीवर बसून एका कॉलेजच्या मुलीला मौनाविषयी सांगत होतो.

शकुबाईंनी फोटो खालून बघायला सुरुवात केली. पाय बघितले. गुडघ्यावरचं ठिगळ बघितलं, ते बहुतेक त्यांनीच लावलेलं असावं. ओंजळीपाशी बराच वेळ थांबल्या. मग नजर वर वर गेली, आणि चौकट संपल्यावर पांढऱ्या भिंतीवरही थोडी चढली. त्या माझ्याकडे वळल्या.

‘‘भाऊ, वरचं कुठी हाये?’’

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. की हा चेहरा मुद्दाम घेतलेला नाही, की हा एका माणसाचा फोटो नाहीच, की यात जी गैरहजेरी आहे तीच खरी. कॉलेजची मुलगी लिहून घेत होती. शकुबाईंनी मला पूर्ण बोलू दिलं.

‘‘गैरहजर तं ते आता हायेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तवा तं तुमच्यापुढी उभे होते.’’

लटारूभाऊ गेल्याचं मला तेव्हा समजलं. मी मफलर काढून हातात घेतला. दिव्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर काढली. सात नंबरचा निळा कोट, लाल टाय. कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत ‘साधना फोटो स्टुडिओ’. तेरवीच्या आधी दिव्या आधार कार्ड घेऊन आली होती, काउंटरवर साधना होती, आणि आत बसून ते डोकं कापून कोटावर बसवलं होतं मी. ज्या माणसाभोवती तासभर फिरलो त्याचं डोकं माझ्या हाताखालून गेलं, आणि मी ओळखलं नाही. ओळखणार कसा? मी त्यांच्याकडे गळ्याच्या वर बघितलंच नव्हतं.

शकुबाईंची तक्रार साधी होती. हा कोटवाला माणूस घरात कुणालाच आपला वाटत नाही. दिव्याची पोरगी त्याला साहेब म्हणते आणि त्याच्यासमोर खेळत नाही. सोमवारी वर्षश्राद्ध आहे, सगळं गाव जेवायला येणार, आणि त्यांना या परक्यासमोर दिवा लावायचा नव्हता.

‘‘धड तुमच्यापाशी हाये, डोस्कं मायापाशी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जोडून द्या.’’

मी त्यांना पट्टी दाखवली. एकमेव प्रत, संग्रहालय, अट, सगळं सांगितलं. दुसरी काढली तर माझा फोटो इथे राहणार नाही, हेही सांगितलं. दिव्या म्हणाली, पासपोर्टचे तर तुम्ही आठ देता. तेवढ्यात पुनम मॅडम आल्या. बाईंचे डोळे भरलेले पाहून त्यांना वाटलं की कलाकृती थेट पोचली. त्यांनी हळुवारपणे मला विचारलं, या कोण? आणि मी म्हणालो, तालुक्यातल्याच आहेत, निघाल्यात आता. असं मी म्हणालो. शकुबाईंनी तसबीर टॉवेलात गुंडाळली आणि खरंच निघाल्या.

मी पुन्हा खुर्चीवर बसलो. समोर दरवाजाएवढे लटारूभाऊ होते आणि मी त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होतो. आठवत होता तो फक्त कोटावरचा. मला स्वतःची इतकी शरम वाटली की त्या कॉलेजच्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला तो मी ऐकलाच नाही.

बसस्टँडवर त्या दोघी गोंडपिपरीच्या गाडीत बसलेल्या सापडल्या. मी चढलो आणि म्हणालो, चला, स्टुडिओतच उतरा. गाडीतूनच पुनम मॅडमना फोन केला आणि दुसरी प्रत काढतोय म्हणून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तसं असेल तर त्यांना तो फोटो ठेवून घेता येणार नाही, प्रदर्शन संपलं की परत घेऊन जा. मी बरं म्हणालो. दरवाजाएवढा फोटो ठेवायला आमच्या स्टुडिओत भिंतसुद्धा नाही.

दुपारी कुर्ता बदलून कॉम्प्युटरसमोर बसलो. शकुबाई मागे पासपोर्टच्या स्टुलावर बसल्या होत्या, साधना आणि दिव्या काउंटरपाशी. त्रेसष्ट फोटो उघडून बघितले. बासष्टांत मानही नव्हती. एकात माझा हात चुकून हलला होता, त्यात हनुवटी आली होती. शिबिरातल्या सरांनी तो बघितला असता तर मला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी मात्र मला त्या हनुवटीचा फार आधार वाटला. गुळगुळीत दाढी केलेली होती आणि कडेला ब्लेडचा ताजा काप होता.

आधार कार्डावरचं डोकं नखाएवढं, काळपट, समोरच्या दिव्याने चपटं झालेलं. अंगणातल्या धडावर ऊन डावीकडून पडलेलं. हे दोन्ही जुळवणं म्हणजे जिकिरीचं काम, पण हे काम मला येतं. नागपूरला जायच्या आधीपासून येतं. मी डाव्या गालावर ऊन आणलं, गळ्याचा रंग जुळवला, बंडीच्या काठाची सावली मानेवर टाकली. शकुबाई मागून सांगत होत्या. मान अशी ताठ नाई, थोडी डाव्या अंगाले. खांद्यावर ओझं वाहून वाहून त्यांची मान तशी झाली होती. मी मान कलती केली, तसं शकुबाईंनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. साधना काउंटर सोडून मागे येऊन उभी राहिली.

पडद्यावर बंडीतला, ओंजळ भरलेला, डोकं असलेला माणूस उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्याचं डोकं त्याच्याच धडावर बसवलं होतं. मला वाटलं काम झालं. मी प्रिंटर सुरू केला.

‘‘केस रायले,’’ शकुबाई म्हणाल्या.

आधारच्या शिबिराला लटारूभाऊ शेतातून तसेच गेले असावेत, केस वाऱ्याने उभे होते. मी म्हणालो, बाई, केस ठीक आहेत, कामाचा माणूस, असेच शोभतात. कॉम्प्युटरवर केस विंचरायला तास जातो, हे मी सांगितलं नाही, पण आवाजात आलं असणार. त्या ऐकेनात. विंचरूनच द्या म्हणाल्या. साधनाने त्यांना विचारलं, एवढं काऊन बाई?

‘‘त्या दिशी हे फोटो काढाले येनार म्हनून त्यायनं शेजारून ब्लेड मागून आनलं,’’ शकुबाई म्हणाल्या. ‘‘घाईत कापून घेतलं. मंग डोस्क्याले पानी लावलं, आरशात पाहून तीनदा भांग पाडला. मले म्हने, फोटोत केस चांगले दिसले पायजे.’’

साधनाने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिलो, कारण मला आता आठवलं होतं. अंगणात ओंजळ धरून उभं राहिल्यावर लटारूभाऊंनी मलाही विचारलं होतं, केस बराबर हायेत ना जी, म्हणून. मी कॅमेऱ्याला डोळा लावलेला होता. कॅमेऱ्यात गळ्यापर्यंतच दिसत होतं. एकदम बराबर, भाऊ, असं मी म्हणालो होतो.

मी प्रिंटर बंद केला. डोकं पुन्हा मोठं केलं आणि शकुबाईंना विचारलं, भांग कोणत्या बाजूला पाडत होते?