जमादाराला कोण काय घालतं

जमादार घरचं खात नव्हता, आणि झुंबरबाईची खात्री झाली होती की त्याला बाहेर कोणी तरी काही तरी घालतं आहे.

जमादार म्हणजे कुत्रा. झुंबरबाईच्या नवऱ्यानं, मोतीरामनं त्याचं हे नाव ठेवलं, कारण पिल्लू असल्यापासून तो तिन्हीसांजेला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचा, कोण घरी आलं आणि कोण यायचं राहिलं ते पाहायचा आणि मगच दारात बसायचा. आता त्याला तेरावं वर्ष लागलं होतं. तोंडावरचे तांबडे केस पांढरे झाले होते. दात म्हणावेत असे दोन उरले होते, तेही एकमेकांसमोर नव्हते. फिरणं संपलं होतं, पण ओट्यावर पडल्या पडल्या मान वळवून गल्लीची हजेरी घेणं चालूच होतं.

दोन महिन्यांमागे तो उतरू लागला. पाठीचा कणा वर आला, बरगड्या मोजता येऊ लागल्या. चार पावलं टाकली की थकून बसायचा. झुंबरबाईनं मग देऊळघाटातल्या कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं तेच केलं. तिनं त्याला ढेप सुरू केली.

सरकीतून तेल काढून घेतलं की जो चोथा उरतो ती ढेप. कापसाच्या मुलखात अशक्त जनावराला दुसरं औषध कोणाला ठाऊक होतं? तिच्या माहेरचा बैल मरायला टेकला होता, तो ढेपेवर उठला आणि पुढे पाच वर्षं नांगराला चालला. ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. मोतीराम कापसाची गाडी घेऊन मलकापूरला जायचा, येताना ढेप आणायचा. ती रोज सकाळी मूठभर ढेप भिजवायची, त्यात ज्वारीचं पीठ आणि गुळाचा खडा कुस्करायची, गोळा करायची आणि जमादाराचा जबडा उघडून आत सारायची. तो गिळेपर्यंत तोंड दाबून धरायची. जमादार तिच्याकडे असा पाहायचा की दुसऱ्या कोणाला दया आली असती.

"अवं, बैल हाय का तो?" मोतीराम म्हणायचा.

"बैलाले देल्लं तवा नाई बोलले तुम्ही."

पोट घागरीसारखं फुगलं, चार पावलांत धाप लागू लागली, आणि जमादार जितका खंगत गेला, तितकी तिची मूठ मोठी होत गेली.

तिला खटकली ती पुढची गोष्ट. गोळा पोटात गेला की थोड्या वेळानं जमादार उठायचा, धापा टाकत टाकत भिंतीच्या कडेनं मागच्या बाजूला जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याचं तोंड ओलं असायचं. जीभ नाकापर्यंत फिरवत यायचा. माझ्या हातचं दाबून घालावं लागतं, आणि तिकडे मात्र हा आपल्या पायांनी जातो. कुठे जातो, ते पाहायला ती एका सकाळी उखळावर चढली आणि भिंतीवरून पलीकडे डोकावली.

पलीकडे अमीनाबीचं परसदार होतं.

अमीनाबीचा नवरा गफ्फार कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायचा. दोन घरं पंधरा वर्षं शेजारी होती आणि गेल्या उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हती. कारण जमादारच. गफ्फारनं एका लग्नघरची गादी भरायला घेतली होती. पिंजलेला कापूस अंगणात पांढऱ्या ढगासारखा पसरला होता. जमादारानं जन्मात पहिल्यांदा एवढी मऊ जागा पाहिली, आणि मोरीतल्या चिखलाच्या पायांनी मधोमध जाऊन झोपला. मुसलमानाच्या घरी कुत्र्याचं तोंड लागलेलं भांडं सात वेळा धुतात, मग नवरीच्या गादीचं काय करायचं? सगळा कापूस टाकून द्यावा लागला. त्या दिवशी अमीनाबी भर गल्लीत म्हणाली होती, "या कुत्र्याचं काही तरी केलं पाह्यजे."

हे वाक्य झुंबरबाईनं जपून ठेवलं होतं.

आता भिंतीवरून तिला दिसलं ते असं. अमीनाबीनं फुटक्या मडक्याचं खापर भिंतीशी ठेवलं. त्यात काही तरी पातळ ओतलं. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "ये बुढ्ढे." जमादार चाटू लागला. ती दूर उभी राहून पाहत होती. त्याचं झाल्यावर तिनं काठीनं खापर बाजूला सारलं, हात मातीनं घासून धुतले आणि आत गेली.

झुंबरबाई उखळावरून उतरली. ज्या बाईला कुत्र्याचा स्पर्श चालत नाही, ती त्याला रोज जेवू घालते. घालायच्या आधी कोणी पाहत नाही ना, हे बघते. आणि कुत्रा दिवसेंदिवस संपत चालला आहे. यात आणखी समजायचं काय राहिलं?

"कुचल्याचं जहर घालून राह्यली ती त्याले," ती मोतीरामला म्हणाली. "थोडा थोडा. एकदम घातला तं नाव येईन म्हणून."

"काऊन घालीन? कापसाले वर्ष होत आलं."

"वर्षभर कोणी राग धरत नाई का?"

मोतीरामनं बायकोकडे पाहिलं आणि विडी पेटवली. वर्षभर राग धरणारी एक बाई त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी जमादाराच्या आधी झुंबरबाई खापरापाशी पोचली. अमीनाबी आत वळल्याबरोबर तिनं भिंतीवरून लांब दांड्याची पळी सोडली आणि त्यातलं पळीभर उचललं. करडं, पातळ, कोमट. वास खरं तर चांगला येत होता, आणि म्हणूनच तिला तो आवडला नाही. तिनं ते आपल्या एका कोंबडीला घातलं आणि दिवसभर कोंबडीच्या मागे मागे फिरली. कोंबडी मेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अंडं घातलं. झुंबरबाईला आता त्या अंड्याचाही संशय आला. तिनं ते खाल्लं नाही. मोतीरामनं खाल्लं, पण कोणतं खाल्लं हे तिनं त्याला सांगितलं नाही.

मोतीरामही मेला नाही. "हळू चढणारं असन," ती मनाशी म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी जमादार ओट्यावरून उतरताना कोसळला. तिनं त्याचं तोंड उघडलं तर हिरड्या ज्वारीच्या पिठासारख्या पांढऱ्या. गोळा तयार होता, तो त्याला गिळता येईना. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती थोडा वेळ बसली. मूल नव्हतं तिला. बारा वर्षं तिन्हीसांजेला तिची वाट पाहणारं असं या घरात हेच एक होतं. मोतीराम तर बहुतेक वेळा गाडीवरच असायचा. तिनं कोणाला दिसायच्या आत डोळे पुसले आणि उठली.

"गाडी जुपा," ती म्हणाली. "बुलढाण्याले जायचं हाय. ढोरायच्या दवाखान्यात."

"कुत्र्याले घेऊन? हासतीन लोकं."

"हासू द्या. मले पुरावा पाह्यजे."

त्या दिवशी जमादार गेला नव्हता, म्हणून खापर भरलेलंच होतं. तिनं ते पळीनं तांब्यात काढून घेतलं, वर फडकं बांधलं आणि साऱ्या रस्ताभर तांब्या पदराखाली धरून बसली. जमादार कडब्यावर पडून होता. गाडी खड्ड्यात गेली की तो डोळे उघडायचा.

दवाखान्यातला चिंतामण कंपाउंडर नागपूरला शिकून आलेला बामणाचा माणूस होता. त्याच्यासमोर एरवी बैल, म्हशी, फार तर तहसीलदाराची घोडी यायची. त्यानं कुत्रा पाहिला, बाई पाहिली आणि हसला नाही, एवढं झुंबरबाईनं टिपलं. त्यानं जमादाराचं पोट दाबलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"पोटात पाणी झालंय," तो म्हणाला. "काळजाची ताकद गेलीय. खायला काय घालता?"

झुंबरबाईनं तांब्या पुढे सरकवला. "त्यातच हाय काय ते. दोन महिन्यांपासून हा रोज चालत तिकडं जाते, शेजारीण कुचला घालते. तुम्ही पाहा, आन कागदावर लेहून द्या."

चिंतामणनं फडकं सोडलं. वास घेतला. काडीनं थोडं काढलं, बोटांत चुरडलं, उजेडात धरलं. तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"ज्वारीच्या कण्या आहेत," तो म्हणाला. "गळेस्तोवर शिजवलेल्या. हाडं उकळलेलं पाणी आहे. मीठ घातलेलं दिसत नाही, मसाला नाही. ज्या कुत्र्याला दात नाहीत त्याला हेच द्यावं. जिनं केलंय हे, तिला समजतं."

"वास न येनारं जहर असते."

"असतं. पण कुचला असता तर हा पहिल्याच दिवशी आखडून मेला असता. दोन महिने तिथं चालत गेला नसता."

"अन् रोज थोडं थोडं घातलं तं?"

"रोज थोडं थोडं कोण काय घालतं, हेच तर विचारतोय मी, बाई. तुमच्या घरी काय खातो तो?"

झुंबरबाईनं सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. ढेप किती भिजवायची, गूळ काऊन घालायचा, माहेरचा बैल कसा उठला. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की कंपाउंडरनं हातातली काडी खाली ठेवली आहे.

"रोज?"

"रोज. आता दोन मुठी."

"बैलाचं पोट चार कप्प्यांचं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "सरकीत जहर असतं, ते त्याच्या पोटात जिरतं. याला एकच पोट, तुमच्या-माझ्यासारखं. गेल्या साली सरकी काढायच्या एका जिनाच्या आवारात डुकरं सरकीच्या ढिगावर सुटली होती. महिनाभर चैन केली, मग धापा टाकत एकेक मेली. फाडून पाहिली तेव्हा आत पाणीच पाणी. कुत्र्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं."

मोतीराम बाहेर बैलाला माशी चावत होती ती हाकलायला गेला.

"जगन का?" झुंबरबाईनं विचारलं.

"काळजाला किती लागलंय ते मला सांगता येत नाही. ढेप आजपासून बंद. मऊ द्या, कोमट द्या, थोडं थोडं तीनदा द्या. आणि वेगळं काही करत बसू नका. या तांब्यात आहे तेच."

परतीच्या वाटेवर मोतीराम एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. ढेप आणायचे तुम्हीच ना, असं म्हणता आलं असतं. तिनं ते वाक्य दोनदा तोंडाशी आणलं आणि दोन्ही वेळा गिळलं. गावात शिरताना एक गोष्ट मात्र तिच्या मनातून हलेना. हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. कंपाउंडर बुलढाण्यात, मोतीराम मुका. घरी कण्या शिजवता येत होत्या. अमीनाबीचं तोंडही पाहायला नको.

पण हाडाचं पाणी किती, कण्या किती शिजवायच्या, त्याला काय पचतं, हे त्या बाईला माहीत होतं आणि तिला नव्हतं. आणि आता तिचा स्वतःच्या हातावर भरवसा राहिला नव्हता.

ती सुपात ज्वारीच्या कण्या घेऊन अमीनाबीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गफ्फारच्या पिंजणाची तार टणटणत होती, ती थांबली.

अमीनाबी दारात आली. आधी तिनं झुंबरबाईकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"हे काय?"

"कण्या. जमादारासाठी. तुमच्या हातच्या पचतात त्याले. आमच्याकडचं..." तिनं सूप पुढे केलं. "आमच्याकडचं सरकीनं बिघडलं त्याचं. बुलढाण्याच्या कंपाउंडरनं सांगतलं."

"मले कंपाउंडरची गरज नाई पडली," अमीनाबी म्हणाली. "रोज माह्या भिंतीआड येऊन ओकायचा तो. काळी सालपटं पडायची सरकीची. मंग पोट रिकामं घेऊन मले पाहत बसायचा. मी काय करती?"

"सांगाचं होतं मले."

"सांगतलं असतं तं काय म्हणल्या असत्या तुम्ही?"

काय म्हणाली असती, ते झुंबरबाईला अक्षर न् अक्षर माहीत होतं.

अमीनाबीनं सूप घेतलं. मग उंबऱ्याशी उजेडात बसली, सुपात बोटं घातली आणि कण्या खालीवर करू लागली. एक चिमूट उचलून हुंगली. तळाशी काय आहे ते पाहिलं. एक काळा कण दिसला तो नखावर घेतला, फोडून पाहिला, खडा निघाला. झुंबरबाई समोर उभी राहून हे सारं पाहत होती. तिच्या घरचं धान्य आजवर असं कोणी चाळलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती सूप ओढून घेऊन निघून आली असती.

"ढेप कुठी हाय?" अमीनाबीनं विचारलं.

"बैलापुढे टाकली."

"सगळी?"

"सगळी."

"पाहीन मी येऊन."

"या."

"तिन्ही टायमाले मी शिजवीन. पन तुमच्या दारी, माह्यासमोर खाईन तो. तुम्ही एकट्यानं त्याले काही घालायचं नाई. गुळाचा खडा बी नाई."

"हाव," झुंबरबाई म्हणाली.

संध्याकाळी अमीनाबी झाकलेलं भांडं घेऊन आली. आधी गोठ्यात जाऊन गव्हाण पाहिली, कोपऱ्यातलं पोतं पालथं केलं, मग ओट्याशी आली. फडक्यानं धरून तिनं खापर जमादारापुढे सरकवलं आणि चार हात मागे उभी राहिली. जमादारानं हुंगलं. डोकं उचलायला त्याला वेळ लागला. मग त्यानं एकदा जीभ लावली, थांबला, धाप टाकली, पुन्हा लावली. अर्धंअधिक तसंच राहिलं.

"आता नाई खात," झुंबरबाई म्हणाली. तिचा हात आपोआप त्याच्या जबड्याकडे गेला होता.

"राहू द्या. पडलं तं पडलं. भूक लागली की खाईन."

झुंबरबाईनं हात मागे घेतला. जमादार खापराशीच मान टाकून पडला, पोट वरखाली होत होतं. अमीनाबी तिथून हलली नाही. ती कुत्र्याकडे पाहत नव्हती, झुंबरबाईकडे पाहत होती, आणि झुंबरबाईनं तिला पाहू दिलं.