दुखणं थांबलं तो दिवस

हे लिहिणार नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा फोनमधून पुसून टाकलं. देवशी मला बोल लावत नाही. लावला असता तर तिथंच भांडून मोकळा झालो असतो.

देवशी आणि मी शेजारी शेजारी मीठ पिकवतो, छोट्या रणात, खाऱ्या वाळवंटात. दिवाळीआधी बायकापोरं घेऊन आत जायचं, वैशाखात बाहेर यायचं. प्यायचं पाणी टँकरनं येतं. पंधरा दिवसांनी, कधी वीस. आमच्यात आधी पोरं पितात, मग आलागेला, मग बायका, आणि उरलं तर पुरुष. जो कमी पितो तो मर्द. देवशी सकाळी एक लोटा पिऊन पाट्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, उतरायचा, तो अंधार पडेपर्यंत थेंब नाही. मी त्याला उंट म्हणायचो. त्याला ते आवडायचं.

होळीच्या आधी, मीठ ओढायच्या ऐन दिवसांत, त्याच्या डाव्या कुशीत कळ आली. हातातलं दंताळं टाकून तो पाट्याच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन पडला. ओकला. लघवी लाल. त्याची आई जीवीमावशी म्हणाली, "मुतखडा. याच्या बापालाही होता." ती मातेला नवस बोलली. दुखणं थांबव, सगळ्यांना लापशी घालीन.

दोन दिवस तो लोळत होता. तिसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत गोधडी टाकून त्याला झोपवलं. दवाखाना चाळीस किलोमीटर. निम्म्या वाटेत त्यानं हाक मारली.

"थांबव रे."

"ओकायचंय?"

"नाही. दुखत नाहीये."

"कमी झालं?"

"नाहीच दुखत. दाबून बघ."

मी दाबलं. तो नुसता बघत राहिला.

"खडा पडला तुझा," मी म्हणालो.

"पडला तर दिसला असता ना?"

"तू काय चाळणी धरून मुततोस, उंटा?"

तो हसला. मग म्हणाला, "तरी जाऊन येऊ का? निम्मं तर आलोच आहे."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, "दोघांचे पाटे तसेच पडलेत. मातेनं ऐकलं तुझ्या आईचं. आता डॉक्टरला काय दाखवणार, दात?"

ट्रॅक्टर मीच वळवला.

जीवीमावशीनं दोन पातेली लापशी केली. मी दोनदा घेतली.

पावसाळ्यात आम्ही गावात होतो. देवशीला सारखा थकवा यायचा, पाय सुजायचे, म्हणून तालुक्याला नेलं. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं.

"आधी कधी दुखलं होतं?"

"होळीला," देवशी म्हणाला. "पण तीन दिवसांत बंद. औषधाशिवाय."

हे तो अगदी ऐटीत म्हणाला.

बाईंनी यंत्र ठेवलं. खडा पडलाच नव्हता. नळीत तसाच अडकून होता. मागे लघवी तुंबली, किडनी फुगत गेली आणि बसली. तुंबलेली किडनीही काही दिवसांनी दुखायची थांबते, त्या म्हणाल्या. तेव्हा आणलं असतं तर वाचली असती. उजवीतही एक बारका खडा आहे. रोज चार लिटर पाणी. लघवी कमी झाली की त्याच दिवशी इथे यायचं. उजवी अडली तर तिसरी नाही.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. बाईंच्या टेबलावर अर्धं सोललेलं केळं होतं, तेच बघत बसलो.

बाहेर चहा घेतला.

"ट्रॅक्टर मी वळवला," मी म्हणालो.

"चहा पी. साय धरतेय."

"देवशी, मी काय म्हणतोय..."

"ऐकलं." त्यानं बशीत चहा ओतला. "आईला लापशीचं काही सांगू नको."

"बरं."

"दिवाळीला आत जायचंच आहे. मला दुसरं येतं काय? पण चार लिटर मी प्यायचं आणि पोरांनी काय, मिठाचं पाणी?"

मी म्हणालो, माझ्या टाकीतलं पी. तो म्हणाला, तुझी काय नदी आहे का? मी साय धरलेला चहा एका घोटात संपवला.

शेवटी मी म्हणालो, "दर चौथ्या दिवशी मोटारसायकलवर गावातून दोन कॅन आणीन. ते फक्त तुझे. पोरांसमोर पी, मर्दपणा गेला खड्ड्यात. आणि रोज संध्याकाळी येऊन विचारणार, आज किती वेळा गेलास. खरं सांगायचं. कमी म्हणालास की नेणार, दुखो न दुखो, मीठ पाट्यात दगड होऊन बसलं तरी."

"रोज विचारणार?"

"रोज."

"लाज वाटेल."

"वाटू दे," मी म्हणालो. "मी येणार."