लोडाच्या पोटातला काळा दोरा

थोरल्या गादीवाल्याच्या मुलीचं लग्न एकदा मोडून त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

गल्लीच्या टोकाला अंडेबाबा उतरले होते. सकाळपासून रांग. रांगेतला जो तो सदरा वर करून, पोट उघडं टाकून उभा. बाकावर आडवं झालेल्याच्या पोटावरून बाबा अंडं फिरवत, बशीत फोडत, आणि बलकात काळे दोरे निघत.

“हा रोग. मुळासकट आला,” बाबा म्हणत. “आमची कोंबडी आयुष्यात खोटं बोललेली नाही.”

थोरला गादीवाला पोट चोळत दुकानात परतला. त्याची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, गादीला टाके घालत होती.

तिचे सासरे आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांच्या दोघा मुलांना, थोरल्याला आणि धाकट्याला, एकेक नळी दिली होती. काडीने थोडी शी घ्यायची, नळीत घालायची, झाकण लावून परत द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. धाकट्याने नळी देऊनही टाकली होती. थोरल्याची सुयांच्या डब्याशेजारी पडून होती.

“आज तरी नेऊन द्या,” वहिनी म्हणाली.

“मला काही होत नाही, तर तपासू कशाला?”

“काही होत नाही तेव्हाच तपासायचं असतं.”

“आणि ते हातात धरून भर रस्त्याने जाऊ? व्याह्यांनी पाहिलं तर? लग्न एकदा मोडलंय.”

“नळीला झाकण आहे. आत्ता अख्ख्या गल्लीसमोर पोट उघडं टाकलंत, त्याला कुठलं झाकण होतं?”

“ते वेगळं. माझा दोरा निघालाय, सगळ्यांनी पाहिलाय.”

दुसऱ्या दिवशी वहिनीने मागच्या खोलीत, खाटेवर कापसाने भरलेला एक लोड आडवा ठेवला, वर रजई घातली आणि बाबांना बोलावणं धाडलं. नर्सबाई आल्या, शेजारीपाजारी आले, थोरलाही दाराशी येऊन उभा राहिला.

“आमचे चुलतसासरे,” वहिनी म्हणाली. “फार लाजाळू. तोंडावरची रजई काढू नका.”

बाबांनी रजईवरून अंडं फिरवलं. “पोट भलतंच घट्ट आहे. कधीपासून?”

“भरल्यापासून.”

बाबांनी मान हलवली आणि अंडं फोडलं. काळे दोरे. “आणखी दोन दिवस गेले असते, तर म्हातारा हाती लागला नसता.”

वहिनीने रजई ओढली. खाली नुसता लोड.

“लोडाला आता कसं वाटतंय?” मागून कुणीतरी विचारलं.

“कापसालाही कीड लागते,” बाबा म्हणाले.

नर्सबाईंनी बाबांच्या टोपलीतलं, कुणाच्याही पोटावरून न फिरलेलं अंडं उचलून फोडलं. त्यातही दोरे. दुसरं उजेडात धरलं. बुडाशी सुईएवढं भोक, वर मेणाचा ठिपका. दोऱ्याचे तुकडे तिथून आत सारलेले. सगळे अंड्याला नाक लावून बघेपर्यंत बाबा मागच्या दाराने पसार झाले. टोपली राहिली.

थोरला बशीवर वाकला. मग म्हणाला, “लबाड निघाला, कबूल. पण माझं अंडं खरं होतं.”

वहिनीने नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती पुन्हा सुयांच्या डब्याशेजारी ठेवली. “लग्न पार पडू दे.”

लग्न पार पडलं. नळी तिथेच राहिली.

बाबांनो, बायांनो, रोग पोटात असतो, तो अंड्यात शोधू नका. लाज वाटते, भीती वाटते, वेळ नसतो, सगळं खरं. पण आतड्याला यातलं काही कळत नाही. दवाखान्यातून नळी मिळाली, तर परत द्या. धाकट्याच्या नळीत रक्त सापडलं, आत दुर्बीण घालून आतड्यातली गाठ काढली, ती अजून कॅन्सर झाली नव्हती. तो आजही गाद्या भरतो.

थोरला मुलीच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने वारला.